पोटातली वस्ती

खरपडे बाईंनी मला ‘कसे आहात’ असं कधी विचारलं नाही. स्टाफरूमच्या दारातून आत येतायेताच त्या म्हणायच्या, “सर, पोट काय म्हणतंय?” हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारत. प्राचार्यांना, शिपायाला, प्रवेशासाठी पोरं घेऊन आलेल्या आईबापांना. एकदा तर कॉलेजच्या तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनाही विचारलं. साहेब गडबडले. “तसं ठीक आहे, थोडं जड वाटतंय,” असं खरं उत्तर देऊन बसले. “मग दुपारी आमच्याकडची बासुंदी घेऊ नका,” असं सांगून बाई तासाला निघून गेल्या. प्राचार्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण साहेबांनी खरोखरच बासुंदी घेतली नाही. ती मग आम्हीच संपवली.

तलासरीच्या ज्युनिअर कॉलेजात त्या जीवशास्त्र शिकवायच्या आणि मी मराठी. मी बोर्डीचा, चिकूच्या वाडीतला. आमच्या घराण्यात जमीन कमी आणि अ‍ॅसिडिटी जास्त, त्यामुळे त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे रोज नवं उत्तर असे आणि त्या ते मन लावून ऐकत. जगात आपल्या पोटाची हकिगत मन लावून ऐकणारं माणूस भेटणं किती दुर्मीळ आहे, हे ज्यांना पोट आहे त्यांनाच कळेल. माझी बायकोही लग्नानंतर वर्षभरात कंटाळली होती.

बाई मूळच्या तालुक्याच्या पूर्वेकडच्या, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरच्या. घरची थोडी भातशेती, डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर नागली, म्हणजे नाचणी, आणि वरई. लहानपणीच आश्रमशाळेत गेल्या, तिथून वसतिगृहात, तिथून कॉलेजात, आणि फिरून तलासरीलाच शिकवायला आल्या. ठेंगण्या, सावळ्या, चालणं भरभर, आवाज खणखणीत. आमच्याशी बोलताना मराठी अगदी पुस्तकातली, भाजीवालीशी गुजराती आणि घरून फोन आला की वारली बोली. तिन्ही भाषांत त्या सारख्याच मोठ्यानं बोलत.

पचनसंस्थेचा धडा त्यांनी फळ्यावर कधी शिकवला नाही. पाड्यावरून विहिरीचा जुना दोर आणून ठेवला होता, तो त्या पोरांच्या हातात देत आणि व्हरांड्यात रांग लावत. पहिला पोरगा तोंड, दुसरा अन्ननलिका, मग जठर, मग लहान आतडं धरायला निम्मा वर्ग. शेवटच्या टोकाला कुणी उभं राहायला तयार नसे. तिथं बाई स्वतः उभ्या राहत. “लाजता कशाला? सगळ्यात खरी बातमी इथंच कळते,” म्हणत. माझ्या वर्गात कविता चालू असताना दारातून लहान आतडं वळण घेत जायचं, आणि मग कवितेकडे कोण लक्ष देणार! मी तक्रार केली. त्यावर त्या म्हणाल्या, “सर, पोटात गोळा येतो, पोटात कालवतं, अपराध पोटात घालतात, हे सगळं तुम्हीच शिकवता ना? मग त्याचा पत्ता मी दाखवते.”

याच बाईंची बोटं चाळिशीच्या आत धरली.

आधी अंगठी निघेना, ती सोनाराकडून कापून घ्यावी लागली. मग सकाळी उठल्यावर मुठी उघडेनात. मग मनगटं सुजली. साध्या गुडघेदुखीचा हा संधिवात नव्हे. यात शरीराची राखण करणारी फौजच चुकते आणि आपल्याच सांध्यांवर तुटून पडते. जुने वैद्य याला आमवात म्हणायचे. आम म्हणजे नीट न पचलेलं. डहाणूच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथून बाई आठवड्याला एकदाच घ्यायची गोळी घेऊन आल्या. ती गोळी त्यांनी कधी चुकवली नाही.

दुखणं त्यांनी लपवलं नाही आणि मिरवलंही नाही. डबा उघडेना तेव्हा सरळ माझ्यापुढे सरकवला. “सर, एवढं झाकण काढा. काढलंत म्हणून अर्धं खायचं नाही.” वेणी घालायला बोटं वळेनात, तेव्हा एका रविवारी जाऊन कमरेपर्यंतचे केस मानेपर्यंत कापून आल्या. आम्ही हळहळलो, तर म्हणाल्या, “वेणी आणि बोटं यांचं पटेना. मग एकीनं घर सोडलं.” खडू धरवेना तेव्हा त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या आणि आकृत्या पोरांकडून काढून घेऊ लागल्या. मागून हुकूम सुटायचे, “डावीकडे घे. अजून डावीकडे. अरे, यकृत आहे ते, पापड नाही.” त्या वर्षीची पोरं आकृत्यांत जितकी तरबेज झाली तितकी पूर्वी कधी झाली नव्हती, आणि हे बाई सगळ्यांना अभिमानानं सांगत.

स्टाफरूममध्ये औषधांचा पाऊस पडला. कुणी निर्गुडीचा शेक सांगितला, कुणी उपाशीपोटी मेथ्या, कुणी अच्छाडच्या नाक्याजवळ बसणाऱ्या एका बाबाचं तेल. प्राचार्यांनी तांब्याचं कडं आणून दिलं. बाई प्रत्येकाचं ऐकून घेत, “छान, करून बघते,” म्हणत आणि काही करत नसत. शेक तेवढा घेत. मी एकदा विचारलं, “लोकांना सरळ नाही का म्हणत नाही?” तर म्हणाल्या, “सर, सल्ला देऊन त्यांचं पोट हलकं होतं. मला काय त्रास आहे?”

पण एक गोष्ट त्यांच्या मनातून जात नव्हती. त्यांची धाकटी बहीण सुमी. दोघींचे आईबाप तेच, विहीर तीच, चूल तीच. सुमी पाड्यावर राहून शेती करी, पावसात वाकून वाकून लावणी करी, आणि तिची बोटं नव्या नवरीसारखी सरळ. “मलाच का?” असं रडक्या सुरात बाई कधी म्हणाल्या नाहीत. पण परीक्षेतला प्रश्न सुटत नाही तेव्हा हुशार पोरं जशी चिडतात, तशा चिडून म्हणत, “मलाच का, आणि सुमीला का नाही? याला काहीतरी कारण असणारच की!”

मुंबईच्या एका फेरीहून त्या आल्या त्या लग्नघरासारख्या आनंदात. हॉस्पिटलातली एक तरुण डॉक्टरीण याच प्रश्नाच्या मागे होती. तिनं सांगितलं होतं की सांध्यांचं हे भांडण कदाचित पोटात सुरू होत असावं. आपल्या आतड्यात जंतूंची मोठी वस्ती असते. आपलं कोण आणि परकं कोण, हे शरीराची फौज बरंचसं त्या वस्तीत राहून शिकते. वस्ती बिघडली तर फौजेचं शिक्षणही बिघडत असेल. नव्यानं हा रोग झालेल्या काही माणसांच्या पोटात एका जातीचे जंतू जास्त दिसतात. “पण गंमत ऐका ना,” बाई माझा चहा बाजूला सारत म्हणाल्या, “तेच जंतू भाकरी-भाजी खाणाऱ्या धडधाकट माणसांच्या पोटातसुद्धा भरपूर असतात. तिथं ते गुण्यागोविंदानं नांदतात. मग बिघडतं कुठं? कुणालाच नक्की माहीत नाही!”

कुणालाच माहीत नाही, याचा एवढा आनंद झालेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्या डॉक्टरीणबाईंना अशी कुटुंबं हवी होती, जिथं एकाला रोग आहे आणि त्याच चुलीवर जेवणाऱ्या बाकीच्यांना नाही. प्रत्येकाकडून लहानशा डबीत एक नमुना हवा होता. कशाचा, ते सांगायला नको. बाईंनी अख्ख्या पाड्याचा विडा उचलला.

“सर, लोकांना समजावायला चार ओळी लिहून द्या,” त्या मला म्हणाल्या. मी भाषेचा माणूस. दुपारभर बसून ‘प्रातर्विधीसमयी स्वच्छ पात्रात मलाचा अल्पसा अंश’ असं काहीतरी सोज्वळ लिहिलं. बाईंनी ते शांतपणे वाचलं आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं. पुढच्या रविवारी मी त्यांना गाडीनं पाड्यावर घेऊन गेलो, कारण त्यांना आता स्कूटरचा ब्रेक दाबवत नव्हता. डॉक्टरीणबाईही मुंबईहून आल्या होत्या. आंब्याखाली सगळी जमली. बाईंनी डबी वर धरली आणि म्हणाल्या, “यात हगायचं आहे. थोडंसंच. मग झाकण लावून मला द्यायचं.” बाया तोंडाला पदर लावून हसून हसून लोळल्या. हसणं ओसरल्यावर डॉक्टरीणबाईंनी एकेकाला बाजूला घेऊन सगळं समजावलं, ज्याची मर्जी त्यानंच द्यावं असं सांगितलं आणि संमती घेतली. माझी घडी पर्समध्येच राहिली.

त्या दिवशी मी जेठीआयला पहिल्यांदा पाहिलं. बाईंची आई. हडकुळी, ताठ, डोळे लेकीसारखेच चमकदार. सगळी हसत होती तेव्हा ती हसली नाही. बाई सांगत होत्या की हे जंतू आपण आईच्या पोटातून येताना घेतो, दुधातून घेतो, घरातल्यांच्या हातातोंडातून घेतो. जेठीआय ते फार लक्ष देऊन ऐकत होती. मग उठली आणि घरात गेली. मला वाटलं, म्हातारीला लाज वाटली असेल.

डब्या गोळा करायचा दिवस पंधरवड्यानं ठरला. बाईंनी बजावलं होतं, रोज खाता तेच खा, वेगळं काही नको. आम्ही सकाळी बर्फाची पेटी घेऊन पोचलो, तर पाड्यावरचे कुत्रे आडवे पडून सुस्तावले होते. अंगणात कोंबड्यांची हाडं. फरसाणाची रिकामी पाकिटं, थंड पेयाच्या बाटल्या, बेकरीच्या पावाचे कागद. आदल्या दिवशी पाड्यावर लग्न झालं असावं, असं मी समजलो.

लग्न नव्हतं. डब्यांसाठी जेवण झालं होतं.

बाईंचा चुलतभाऊ काळू, पाड्यावरचा बोलका माणूस, अभिमानानं सांगायला पुढे आला. “मॅडम, एकानंपण नागली नाय खाल्ली काल. सगळ्यांनी कोंबडी नि सफेद भात. मुंबयचे मोठे डाक्टर बघणार, तं आपलं चांगलं निघालं पाहिजे का नको? काळीकुट्ट भाकर खाऊन दिलं तं तुमची शोभा काय राहणार?”

मला हसू आवरेना. पोरगी बघायला पाहुणे येणार म्हणून घर सारवतात, तसं यांनी पोट सारवलं होतं. बाईही हसल्या. इतक्या हसल्या की त्यांना ओट्यावर बसावं लागलं. मग हळूहळू त्यांचं हसणं थांबलं, कारण यातली एकही डबी नेऊन उपयोग नव्हता. आदल्या दिवसाच्या मेजवानीनं पोटातलं रोजचं चित्र झाकलं जाणार होतं. त्यांनी काळूला समजावलं, की मुंबईला हवी आहे ती नागलीच, रोजची. काळू खजील झाला, मग भडकला. “आमचं रोजचं कोण बघतं? आनं बघून काय करणार?”

“माझी बोटं का वाकडी झाली ते बघणार,” बाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी हात असे उघडे कुणापुढे धरल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. काळू म्हणाला, “मंग पुढच्या वेळी बेस देऊ.”

बाकीची एकेक करून तयार झाली. जेठीआय मात्र तयार होईना. कोंबडीचा हा सगळा बेत तिनंच काढला होता, असं सुमीनं सांगितलं. घरातला एकुलता कोंबडाही तिनंच पहिला कापला होता. “मी नाय देणार,” एवढंच ती म्हणत राहिली. बाईंना ते उमगेना. पाड्याची गोष्ट वेगळी, पण आईच नसेल तर त्यांच्या प्रश्नाला अर्थच नव्हता. आई, सुमी आणि त्या स्वतः, या तिघींच्या डब्या शेजारी शेजारी ठेवायच्या होत्या. बाई रागावल्या. आईवर रागावण्याची त्यांची पद्धत म्हणजे एकदम पुस्तकी मराठीत बोलणं. “आई, तू निष्कारण हट्ट करते आहेस,” असं त्या म्हणाल्या, आणि म्हातारीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मी उठून आंब्याकडे जायला निघालो, तर जेठीआय मलाच म्हणाली, “बसा मास्तर. तुम्हीपण ऐका.” आणि तिनं सांगितलं.

रमी, म्हणजे आमच्या बाई, तिची पहिली पोर. त्या काळी दिवसभर लावणीला जावं लागे. पोर बांधावर टोपल्यात. दूध पुरेना, आणि नागलीची भाकर तर तान्ह्या पोराला चावणार नाही. मग जेठीआय भाकर स्वतःच्या तोंडात चावून चावून मऊ करी आणि बोटानं पोरीच्या तोंडात घाली. तिच्या आईनंही तिला तसंच भरवलं होतं. पुढे काही वर्षांनी सुमी झाली, तेव्हा पाड्यावर नर्सबाई येऊ लागली होती. ती ओरडली, तोंडातलं पोराला देऊ नका म्हणाली. म्हणून सुमीला चावून दिलं नाही.

“तू त्या दिवशी बोललीस, तोंडातनं पोटात जातं,” जेठीआय म्हणाली. “मी तुनाच चावून दिलं, सुमीला नाय. तुझीच बोटं वाकली, तिची नाय. मीच दिलं ना तुना? डबीत तेच निघंल. मंग डाक्टर बोलणार, आयनं केलं.”

तिला वाटलं होतं, भरपूर कोंबडी खाल्ली तर जुनं काय असेल ते वाहून जाईल आणि डबीत काही सापडणार नाही. एकटीनं खाल्लं तर दिसेल, म्हणून तिनं सगळ्या पाड्याला खायला लावलं.

खरं सांगतो, मला वाटलं आता बाई तिला जवळ घेतील आणि ‘नाही गं आई, तसं काही नसतं,’ म्हणतील. मी म्हणालो असतो. कुणीही म्हणालं असतं. पण बाई आईपुढे जमिनीवर बसल्या आणि वर्गात विचारतात तशा सुरात विचारू लागल्या.

“काळूला लहानपणी कोण भरवायचं?”

“त्याची आय.”

“चावून?”

“चावूनच. मंग कसं?”

“काळूची बोटं वाकडी आहेत?”

जेठीआयनं काळूकडे पाहिलं. काळूनं आपली बोटं वर करून दाखवली.

“तुझी बहीण? माझी मामी? लाडक्याचा बाप?” बाई एकेक नाव घेत गेल्या. पाड्यावरचं पन्नाशीच्या आतबाहेरचं प्रत्येक माणूस आईच्या तोंडची भाकर खाऊनच वाढलं होतं. नावं घेता घेता बाया बोटं पाहू लागल्या, स्वतःची आणि शेजारणीची. सगळी सरळ. राबून जाड झालेली, नखं फुटलेली, पण सरळ.

“तुला कुणी भरवलं?” बाईंनी शेवटी विचारलं.

“माझ्या आयनं,” जेठीआय म्हणाली आणि आपल्या हातांकडे पाहत राहिली.

“मंग तुनाच का झालं?” तिनं विचारलं.

“ते कुणाला माहीत नाही, आय. तेच बघायचं तं तुझी डबी पाहिजे. तू दिलेलं त्यात असंल, पण बेस असंल का वाईट ते आधी बघू तं दे. माझ्या पोटात जे चांगलं आहे तेपण तूच दिलं ना?” आता बाई आपल्या बोलीत आल्या होत्या. पुढचं मला नीट कळलं नाही, आणि कळायची गरजही नव्हती. जेठीआयनं पदरानं डोळे पुसले आणि सुमीला म्हणाली, “मास्तरांना चहा दे.”

या अभ्यासातून पुढे काय निघालं, असं मला पुष्कळ जण विचारतात. अजून काही ठाम निघालेलं नाही. असल्या कामांना वर्षं लागतात, आणि एकेकट्या माणसाचा निकाल त्यात लागतही नाही. बाईंना हे पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यांची आठवड्याची गोळी चालू आहे. सूज पुष्कळ उतरली, बोटं होती तितकीच वाकडी राहिली. मधे कुणी मोबाईलवर वाचून त्यांना सांगितलं, की आता गोळी सोडा, आंबील प्या, ताक प्या, पोट सुधारलं की सांधे सुधारतील. बाईंनी आंबील आनंदानं प्यायली आणि वरून गोळी घेतली. “पोटाशी गोड बोलायचं आणि डॉक्टरांचं ऐकायचं,” म्हणाल्या. मी गेल्या वर्षी निवृत्त झालो. त्या अजून शेवटच्या बाकावरून पोरांकडून यकृतं काढून घेतात. सकाळी फोन वाजला की मी उचलून आधी पोटाचं सांगतो.

पण बाई म्हटलं की मला आठवतो तो दुसऱ्यांदा डब्या आणल्या तो दिवस. भात कापून झाला होता. हवेत गारवा होता. आधीचा आठवडाभर पाड्यानं कटाक्षानं नागली खाल्ली होती. काळूनं तर शपथेवर सांगितलं, की त्यानं अच्छाडला ट्रकवाल्या मित्रानं दिलेली भजीसुद्धा परत केली. एकामागून एक डब्या पेटीत आल्या. जेठीआयची सगळ्यात शेवटी आली. कागदात, वर फडक्यात आणि वर केळीच्या पानात गुंडाळलेली. तिनं ती लेकीच्या हातात न देता स्वतः बर्फात ठेवली, सुमीची एका बाजूला आणि रमीची दुसऱ्या बाजूला.

मग न्याहारी. नागलीची भाकर, लसणीची चटणी आणि उडदाचं भुजं, म्हणजे डाळीचं दाट कालवण. सकाळची वेळ, बाईंची बोटं उघडलेली नव्हती. भाकर मोडेना. जेठीआयनं ती आपल्याकडे ओढली, तुकडे केले आणि भुज्यात कुस्करू लागली. बाई तिच्याकडे पाहत बसल्या होत्या. एकाएकी लहान पोरीसारखं तोंड उघडून त्या म्हणाल्या, “आय, चावून दे.”

म्हातारीनं लेकीच्या पाठीत असा धपाटा घातला की आवाज अंगणभर गेला. “गप मेले!” म्हणाली, आणि हसायला लागली. त्या म्हातारीला मी हसताना पहिल्यांदाच पाहत होतो. तिनं घास केला आणि हातानं भरवला, आणि बाईंनी तो मुकाट्यानं खाल्ला.

डॉक्टरीणबाईंना जेठीआयचं रक्तही हवं होतं, म्हणून ती बरोबर निघाली. मी दोघींना तलासरीच्या एसटी स्टँडवर सोडलं. मुंबईची गाडी लागली होती. जेठीआयनं पेटी कुणाला धरू दिली नाही. दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती पायऱ्या चढली आणि पुढच्या बाकावर मांडीवर घेऊन बसली. कंडक्टर आला. आमच्या भागात बर्फाची पेटी म्हणजे एकच गोष्ट. त्यानं नाक वर केलं. “ए आजी, मासळी काय? मासळी नाय चालणार गाडीत. वास येतो, लोक भांडतात.”

बाई उत्तर द्यायला तोंड उघडत होत्या, त्याआधीच जेठीआय बोलली. भरल्या गाडीत, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. हा आवाज बाईंनी कुठून घेतला, ते मला तेव्हा कळलं.

“मासळी नाय रे बाबा. आमच्या पोटातलं आहे. माझं नि या माझ्या पोरीचं. मुंबयचे डाक्टर बघणार.”

कंडक्टरनं पेटीकडे नेलेला हात झटकन मागे घेतला. गाडीत हशा उसळला. कंडक्टरनं टोपी सारखी केली आणि पुढं काही न विचारता दोन तिकिटं फाडून दिली.

गाडी हलली तेव्हा मी खाली उभा होतो. खिडकीत बाई होत्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला बोटं वळत नव्हती. जेठीआयनं एका हातानं पेटी घट्ट धरली आणि दुसऱ्या हातानं पदराचं टोक घेऊन लेकीचे डोळे पुसले.